पस्तिशीत कागदावर, पासष्टीत जमिनीवर: मीस व्हान डेर रोहेची कारकीर्द

प्रश्न असा आहे: आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोहेकडे वास्तुशास्त्राची पदवी नव्हती, पहिली उंच इमारत त्याने साठी उलटल्यावर बांधली आणि पुढची वीस वर्षे तोच काचेचा डबा गिरवला. तरीही गगनचुंबी इमारतींचा विषय निघाला की पहिले नाव त्याचे का येते? आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने त्याच्या कारकिर्दीतून काय पाहावे?

मी उंच इमारतींच्या काचेच्या दर्शनी भागाचे, म्हणजे कर्टन वॉलचे काम करतो. रोजचा वेळ मुलियन (काचांमधल्या उभ्या पट्ट्या), गॅस्केट (काचेभोवतीचे रबरी सील) आणि स्लॅबच्या कडा यांच्यातच जातो. त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्नातली तिन्ही विधाने खरी आहेत. उंच इमारत एकट्या आर्किटेक्टच्या हातात कधीच नसते. पैसा घालणारा मालक लागतो, मोक्याची जमीन लागते, पोलाद आणि ते जोडणारे कारखाने लागतात. आगीचे नियम, पालिकेचे नियम, बँकेचे गणित, भाड्याचे गणित हे सगळे वेगळेच. प्रत्येकाने आपापला वाटा उचलल्यावर आर्किटेक्टच्या पदरात फार थोडे उरते. त्या थोडक्यात काय काय करता येते, हे मीसने ज्या चिकाटीने शोधले तसे त्याच्या पिढीत दुसऱ्या कुणी शोधले नाही. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींचा जनक मात्र त्याला म्हणू नये. शिकागोतली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग 1885 मध्ये पुरी झाली. मीसचा जन्म 1886 चा.

जन्म जर्मनीतल्या आखेनचा, बाप पाथरवट. घरचा धंदा दगडाचा, त्यात थडग्यांचे दगडही आले. शिक्षण धंदेशिक्षणाच्या शाळेपर्यंत. मग गिलाव्याची नक्षी करणाऱ्या एका कारखान्यात नकाशे काढण्याची नोकरी. तिथे भिंतीवर उभ्या केलेल्या मोठ्या फळ्यावर नक्षी पूर्ण मापात काढावी लागे. छोट्या प्रमाणात काढून 'कारागीर बघून घेईल' म्हणायची सोय नव्हती. पुढे आयुष्यभर तो डिटेलचे, म्हणजे सांध्या-जोडांच्या बारकाव्यांचे, पूर्ण मापाचे नमुने मागत राहिला, त्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते. पदवी नसल्याची चर्चा खूप होते, पण दगड हाताला कसा लागतो आणि सांधा कुठे उघडतो हे त्याला विशीच्या आतच ठाऊक होते. पदवीधरांना ते ठाऊक व्हायला साइटवर पाच-सात वर्षे घालवावी लागतात.

1905 मध्ये तो बर्लिनला गेला, ब्रूनो पाउलकडे काम केले आणि विशीतच पॉट्सडॅमजवळ रील दांपत्याचे घर बांधले. 1908 ते 1912 या काळात तो आर्किटेक्ट पेटर बेहरेन्सच्या ऑफिसात होता. पुढे आर्किटेक्ट म्हणून गाजलेला वाल्टर ग्रोपियस तिथेच होता, आणि काही महिने तसाच गाजलेला ल कोर्बुझिएही. बेहरेन्स तेव्हा एइजी या विजेच्या कंपनीचे सगळे काम करत होता, कारखान्यापासून किटलीपर्यंत. कारखाना ही देखण्या वास्तूच्या तोलाची गोष्ट असू शकते, ही कल्पना त्या ऑफिसात मुरलेली होती. त्याच सुमारास हॉलंडमधल्या क्रॉलर-म्युलर या श्रीमंत कुटुंबाच्या घरासाठी मीसने आराखडा केला, आणि मालकिणीने लाकूड व कॅनव्हास वापरून ते घर जागेवर पूर्ण मापात उभे करून पाहिले. पसंत पडले नाही. घर झालेच नाही. आज आपण कर्टन वॉलचा पूर्ण मापाचा नमुना उभा करून मालकाला दाखवतो तेव्हा मला हा प्रसंग हमखास आठवतो. मीसच्या छातीत धडकी भरली असेल.

आता 1921 कडे येतो. बर्लिनमध्ये फ्रीडरिखश्ट्रासे स्थानकाशेजारच्या त्रिकोणी भूखंडासाठी उंच इमारतीची स्पर्धा निघाली. मीसने वीस मजली, आपादमस्तक काचेची इमारत दिली, टोकदार कोपऱ्यांची. स्पर्धेच्या बऱ्याच अटी धाब्यावर बसवल्या होत्या. बक्षीस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने तीस मजल्यांची दुसरी काचेची इमारत केली, वळणदार कडांची, आणि तिचे मॉडेल जुन्या बसक्या घरांच्या मॉडेलमध्ये ठेवून तिचे फोटो काढले. तेव्हा तो पस्तीस-छत्तीस वर्षांचा होता. त्यावर त्याने लिहिलेले टिपण फार छोटे आहे, पण त्यात दोन मुद्दे पक्के आहेत. एक, उंच इमारत बांधली जात असतानाच तिची रचना खरी दिसते. सांगाड्यावर भिंती चढल्या की ती झाकली जाते. दोन, काचेच्या मॉडेलशी खेळताना त्याच्या लक्षात आले की काचेच्या बाबतीत उजेड आणि सावली यांना फारसा अर्थ नसतो, खेळ प्रतिबिंबांचा असतो. वळणदार कडा त्यातून आल्या.

या दोन चित्रांचे कौतुक पुष्कळ होते, आणि व्हावेच. पण त्यात खांब कुठे आहेत ते बघायला गेलात तर हाती काही लागत नाही. 1922 च्या नकाशात दोन गोल जिने आहेत, लिफ्ट आहेत, बाकी सगळे मोकळे. वारा कोण झेलणार, आग लागली तर काय, काचेला काच कशी जोडणार, उन्हाळ्यात आत काय होणार, यातले काहीही नाही. चित्र म्हणून अप्रतिम, इमारत म्हणून कोरे. या कोऱ्या जागा भरण्यात त्याची पुढची तीस वर्षे गेली. त्याने मुद्दाम वाट पाहिली असे नाही. त्याला टॉवर देणाराच कुणी नव्हता.

मधल्या काळातली कामे सर्वांना माहीत आहेत, म्हणून भराभर सांगतो. 1927 मध्ये श्टुटगार्टच्या वाइसेनहोफ वसाहतीची आखणी आणि तिथली पोलादी सांगाड्याची सदनिकांची इमारत. 1929 मध्ये बार्सिलोनाच्या प्रदर्शनातला जर्मन मंडप, 1930 मध्ये ब्रनोचे टूगेंडहाट घर. त्याच वर्षी तो बाउहाउस या कला आणि वास्तुकलेच्या शाळेचा संचालक झाला. डेसाऊत शाळा बंद पडली, ती बर्लिनला हलवली, एप्रिल 1933 मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, तिला टाळे ठोकले आणि त्या उन्हाळ्यात शिक्षकांनी स्वतःच ती गुंडाळली. इथे एक गोष्ट टाळता कामा नये. मीस लगेच देश सोडून गेला नाही. 1934 मध्ये हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या पत्रकावर त्याची सही आहे. राइशबँक या जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या इमारतीच्या स्पर्धेतही तो उतरला होता. कामे मिळतील या आशेने तो थांबला, मिळाली नाहीत. त्या वर्षांत खुर्च्यांच्या स्वामित्वधनाचा त्याला मोठा आधार होता. त्याच्या चाहत्यांच्या लेखनात हा काळ दोन ओळींत उरकलेला असतो. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण मोठ्या इमारतीसाठी मोठ्या सत्तेच्या दारात उभे राहावे लागते, आणि त्या दारात आर्किटेक्टची किती घसरण होऊ शकते हे त्यात दिसते.

1938 मध्ये तो शिकागोला गेला, आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये वास्तुशास्त्र विभागाचा प्रमुख म्हणून. 1940 मध्ये तिचे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाले. वय बावन्न, इंग्रजी जेमतेम. शिकवण्याची त्याची पद्धत आज कुठल्याही महाविद्यालयात बंड घडवील: मुलांनी आधी हात बसेपर्यंत रेघा मारायच्या, मग विटांची भिंत, एकेक वीट काढून. मग लाकूड, दगड, पोलाद. इमारत 'सुचायची' पाळी फार उशिरा. सोबत संपूर्ण परिसराची आखणी त्याच्याकडे आली. 24 फुटांची जाळी आणि तिच्यावर एकामागून एक इमारती. युद्धाची वर्षे, पैसा कमी. पण इथेच त्याला बाजारात मिळणाऱ्या पोलादी सेक्शनांशी, म्हणजे ठरावीक छेदाच्या तयार दांड्यांशी, पोटभर खेळता आले.

तिथल्या अल्युम्नाय मेमोरियल हॉलचा कोपरा आमच्या धंद्यात गाजलेला आहे. खरा खांब आगीच्या नियमामुळे काँक्रीटमध्ये गाडलेला. बाहेर दिसतो तो पोलादी अँगल (L आकाराचा सेक्शन) आणि दोन्ही बाजूंचे आय-सेक्शन (I आकाराचे), आणि तेही जमिनीला टेकत नाहीत. विटांच्या दोन-तीन थरांवर थांबतात. म्हणजे हा खांब नाही हे तो स्वतःच सांगून टाकतो, आणि आत खांब आहे हेही. दोन मजली इमारतीच्या कोपऱ्यावर एवढी डोकेफोड. त्याशिवाय पुढचे टॉवर झाले नसते.

पुढे माणूस भेटला. 1946 मध्ये हर्बर्ट ग्रीनवाल्ड नावाचा तरुण विकासक त्याच्याकडे आला. वय तिशीच्या आत, पूर्वी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होण्याचे शिक्षण घेतलेला, बांधकामाचा अनुभव बेताचा. मीस साठीचा. पहिले काम प्रोमॉन्टरी अपार्टमेंट्स, बावीस मजले, 1949 मध्ये पूर्ण. मनात पोलाद आणि काच होते, पण युद्धानंतर पोलादाची टंचाई, म्हणून काँक्रीट. इमारत साधी दिसते, पण जवळून पाहिली तर वर जाताना भार कमी होतो तसे बाहेरचे खांब टप्प्याटप्प्याने बारीक होतात, आणि ते लपवलेले नाही. उघडे काँक्रीट आणि विटा, गिलावा नाही. खर्चाची तंगी होती आणि त्या तंगीचा त्याने उपयोग करून घेतला.

मग 860–880 लेक शोअर ड्राइव्ह. 1949 ते 1951, सव्वीस मजल्यांचे दोन टॉवर, मिशिगन सरोवराच्या काठी, एकमेकांशी काटकोनात. पस्तिशीत काढलेली इमारत पासष्टीत उभी राहिली ती ही. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते त्याची अख्खी कारकीर्द या दर्शनी भागात वाचता येते.

खांबांचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, 21 फुटांचा, रुंदीत तीन गाळे, लांबीत पाच. इंजिनिअर फ्रँक कोर्नॅकर. आगीच्या नियमाप्रमाणे पोलादी खांबाला काँक्रीटचे आवरण हवे. मीसने त्या आवरणाच्या बाहेर पोलादी पत्रे लावले. तेच शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) झाले आणि तेच फिनिश. प्रत्येक गाळ्याचे चार समान भाग केले, म्हणजे मुलियन दर 5 फूट 3 इंचांवर. मुलियन म्हणून बाहेर आठ इंची आय-सेक्शन. काचांच्या चौकटी आणि मुलियन यांचे दोन मजले उंच, एक गाळा रुंद असे तुकडे गच्चीवर जोडले आणि तिथून खाली सोडून बसवले. भिंतीचे आधीच जोडलेले तुकडे आणून बसवायच्या ज्या पद्धतीला आज युनिटाइज्ड म्हणतो, तिची ही पूर्वज.

आता बारकावा बघा. मुलियन सारख्या अंतरावर आहेत, पण दर चौथ्या रेषेवर खांब येतो आणि खांबाला जाडी असते. ती जाडी दोन्ही बाजूंच्या काचांतून कापली जाते. त्यामुळे प्रत्येक गाळ्यात मधल्या दोन काचा रुंद आणि खांबाला खेटलेल्या दोन अरुंद. दुसऱ्या कुणी काचा सारख्या केल्या असत्या आणि मुलियनची लय मोडली असती. कारखान्यालाही तेच सोयीचे पडले असते, एकाच मापाची काच. मीसने लय राखली आणि काचा सोडल्या. लांबून ते कळत नाही, पण दर्शनी भाग निर्जीव जाळीसारखा वाटत नाही तो यामुळे. भिंत 'रुंद-रुंद, अरुंद-अरुंद' अशी श्वास घेते.

आणि खांबावर काय? तिथे खिडकीच नाही, मग मुलियनही नको. तरी त्याने खांबाच्या पत्र्यावरही तोच आय-सेक्शन वेल्ड केला. कारण विचारल्यावर त्याने पत्रा ताठ राहतो वगैरे सांगितले, आणि मग खरे कारणही सांगून टाकले: तो नसता तर नीट दिसले नसते. रचनेच्या प्रामाणिकपणाचा महामेरू मानला जाणारा माणूस उघडपणे कबूल करतो की हे पोलाद काही पेलत नाही. टीकाकारांनी यावरून त्याला खूप धारेवर धरले. मला ती टीका पुस्तकी वाटते. खरे पोलाद नियमाने झाकावेच लागते. मग बाहेरच्या दिसण्याने आतल्याविषयी काय सांगायचे हा निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. तो न घेणे हाही निर्णयच.

या इमारतींत मध्यवर्ती वातानुकूलन नव्हते. एकेरी काच, पश्चिमेचे ऊन, जमिनीपासून छतापर्यंत. रहिवाशांना उन्हाळ्यात काय सोसावे लागले असेल ते सांगायला नको. पडदेही सगळ्यांना बाहेरच्या बाजूने एकाच रंगाचे. आपला आवडता पडदा लावायचा तर त्याच्या आत. मीस स्वतः मात्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या पद्धतीच्या इमारतीत राहिला, शेवटपर्यंत.

'तोच डबा गिरवला' हा आरोप तपासायचा तर शेजारचेच पुढचे काम बघावे. 900–910 लेक शोअर ड्राइव्ह, 1950 च्या दशकाच्या मध्याचे, पुन्हा ग्रीनवाल्ड. लांबून जुळी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात सांगाडा काँक्रीटचा, कातडी ॲल्युमिनियमची, आणि वातानुकूलन आहे. सर्वांत मोठा फरक म्हणजे खांब आत गेले आहेत आणि काचेची भिंत त्यांच्या पुढून सलग जाते. त्यामुळे काचा सगळ्या सारख्या. कारखान्याचे काम सोपे झाले, सांगाडा उष्णतेच्या फरकापासून आत सुरक्षित राहिला, गळती कमी. व्यवहाराच्या प्रत्येक निकषावर ही भिंत सरस. आणि 860 चा तो श्वास गेला. आज जगभर उभ्या असलेल्या काचेच्या टॉवरांचे मूळ बहुतेक वेळा 860 मध्ये सांगतात. ते खरे तर 900 मध्ये आहे. आम्ही रोज जे करतो ते 900 आहे.

याच काळात मीसनेच बांधलेल्या फार्न्सवर्थ घराच्या मालकिणीशी त्याचा पैशांवरून कज्जा चालला. त्याचा टॉवरांशी संबंध एवढाच, की खासगी घराचा एक मालक बिघडला तर आर्किटेक्टची वर्षे जातात. विकासकाच्या कामात निदान दोघांनाही आकडे समजतात.

सीग्राम या दारूच्या कंपनीच्या इमारतीची कथा मालकापासूनच सुरू होते. कंपनीचा मालक सॅम्युएल ब्रॉन्फमन न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर मुख्यालय बांधणार होता. आराखडा तयार होता. पॅरिसमध्ये राहणाऱ्या त्याच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने, फिलिस लँबर्टने, तो पाहिला आणि जून 1954 मध्ये बापाला लांबलचक पत्र लिहिले. सुरुवातच 'नाही, नाही, नाही' अशी. बापाने तिलाच आर्किटेक्ट शोधायला सांगितले. तिने मीसला निवडले. आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन जोडीला, कान अँड जेकब्स हे स्थानिक आर्किटेक्ट. लँबर्ट पूर्ण काम होईपर्यंत मालकाच्या खुर्चीत बसून राहिली आणि खर्चकपातीच्या प्रत्येक सूचनेला आडवी आली. अशी व्यक्ती मालकाच्या बाजूने नसली की काय होते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: कांस्य जाते, ॲल्युमिनियम येते, मग ॲल्युमिनियमची जाडी जाते.

1916 च्या नियमाप्रमाणे न्यूयॉर्कमधली इमारत वर जाताना मागे मागे सरकायला हवी, म्हणून सगळीकडे पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे. पण त्याच नियमात एक पळवाट होती: भूखंडाच्या चौथ्या हिश्श्यात टॉवर बांधला तर त्याला उंचीची मर्यादा नाही. मीसने ती घेतली. टॉवर रस्त्यापासून सुमारे 90 फूट मागे ठेवला आणि पुढे ग्रॅनाइटचा मोकळा चौक सोडला. अडतीस मजले, 157 मीटर, सरळ. जगातल्या महागड्या जमिनींपैकी एका जमिनीचा मोठा भाग मोकळा सोडायला मालक तयार झाला, ही त्या आराखड्यातली सर्वांत मोठी गोष्ट.

दर्शनी भागात सुमारे 1,500 टन कांस्य आहे. इथे बाजारातला सेक्शन नाही. आय-आकाराचे मुलियन मुद्दाम एक्स्ट्रूजन करून, म्हणजे धातू साच्यातून दाबून, घेतले. काच तपकिरी छटेची. खिडक्यांचे पडदे तीनच ठिकाणी थांबतात: पूर्ण उघडे, अर्धे, पूर्ण बंद. भाडेकरूंच्या लहरीने दर्शनी भाग विस्कटू नये म्हणून. छताचा काचेलगतचा पट्टा उजळ ठेवण्याची योजना प्रकाशयोजनाकार रिचर्ड केलीची. संध्याकाळी इमारत आतून सारखी पेटलेली दिसते ती त्यामुळे. वारा झेलण्यासाठी मात्र खांब-तुळयांची चौकट पुरली नाही. मागच्या बाजूच्या गाभ्यात (लिफ्ट-जिन्यांच्या भागात) काँक्रीटच्या भिंती आहेत, त्यांच्या वर तिरके पोलाद. मागून पाहिले तर काचेच्या ओळीत काही पट्टे संगमरवराचे आहेत. त्यांच्याआड त्या भिंती. 860 च्या आय-सेक्शनवरून वाद घालणारे या मागच्या बाजूकडे फारसे फिरकत नाहीत.

पदवीचा प्रश्न इथे पुन्हा उपटला. न्यूयॉर्क राज्याचा व्यवसाय परवाना मागितला तेव्हा त्याच्या शालेय शिक्षणाचा पुरावा मागण्यात आला. जगभर शिकवल्या जाणाऱ्या इमारती ज्याच्या नावावर, त्याला परीक्षेला बसायचे सुचवले गेले. तो चिडून शिकागोला परतला आणि काही काळ काम जॉन्सनने रेटले. पुढे परवाना मिळाला.

1958 मध्ये इमारत पुरी झाली, खर्च सुमारे 3 कोटी 60 लाख डॉलर. मग शहराच्या कर खात्याने तिची किंमत भाड्याच्या उत्पन्नापेक्षा बांधकामखर्चाकडे पाहून जास्त धरली. मालक कोर्टात गेला आणि 1964 मध्ये हरला. चांगले बांधले म्हणून जास्त कर. दुसरीकडे त्याच शहराने 1961 च्या नव्या नियमात सीग्रामच्या चौकाला बक्षीस ठरवले: दाट भागात चौकाच्या दर चौरस फुटामागे 10 चौरस फूट जादा बांधकाम. विकासकांनी ही संधी सोडली नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत न्यूयॉर्कभर ओसाड, वाऱ्याचे, बसायला जागा नसलेले चौक तयार झाले, आणि 1970 च्या दशकात बसण्याच्या जागा, झाडे वगैरेंच्या अटी घालाव्या लागल्या. सीग्रामच्या चौकात लोक बसतात, कारण त्याच्या कडेच्या कठड्यांची उंची आणि रुंदी बसण्याजोगी आहे. नियमात उंची-रुंदी आली नाही, क्षेत्रफळ आले.

1959 मध्ये ग्रीनवाल्ड विमान अपघातात गेला. मीसच्या ऑफिसची निम्म्याहून जास्त मदार त्याच्यावर होती; बरीच माणसे कमी करावी लागली. त्यानंतरची कामे सरकारी आणि कंपन्यांची: शिकागोचे फेडरल सेंटर, बाल्टिमोरचे वन चार्ल्स सेंटर, 1967 पासून उभे राहत गेलेले टोरोंटो-डोमिनियन सेंटर. टोरोंटोच्या कामामागेही ब्रॉन्फमन कुटुंबाची गुंतवणूक होती. म्हणजे वीस वर्षांचे बहुतेक टॉवर मोजून दोन-तीन मालकांच्या ओळखीतून आले. मीस ऑगस्ट 1969 मध्ये गेला. शिकागोची बावन्न मजली आयबीएम इमारत त्याच्या ऑफिसने नंतर पुरी केली. या उत्तरार्धाबद्दल माझे मत फार उत्साहाचे नाही. डिटेल पक्के झाले होते, ऑफिस सराईत झाले होते, आणि प्रमाणबद्धता सोडली तर नवीन काही विचारले जात नव्हते. फेडरल सेंटरमध्ये तीन इमारतींच्या मधली जागा ज्या हिशेबाने मोकळी सोडली आहे, तो एक मोठा अपवाद.

शेवटी उंचीचा मुद्दा. मीसच्या टॉवरांचा सांगाडा मुख्यतः खांब आणि तुळया यांची ताठ चौकट. वीस-तीस मजल्यांपर्यंत ती ठीक. त्यापुढे वारा झेलण्यासाठीच पोलाद झपाट्याने वाढत जाते. हे कोडे त्याच्या विद्यार्थ्याने पकडले. मायरन गोल्डस्मिथ त्याच्या ऑफिसात होता आणि 1953 चा त्याचा प्रबंध उंच इमारतीत आकारमानाचा परिणाम काय होतो यावरच आहे: छोट्या इमारतीची रचना ताणून मोठी करता येत नाही, टप्पा ओलांडला की रचनाच बदलावी लागते. गोल्डस्मिथ पुढे एसओएम या फर्ममध्ये गेला, तिथे ढाक्यात जन्मलेला इंजिनिअर फजलूर खान होता. खानने बाहेरचे खांबच एकमेकांत बांधून अख्खी इमारत एका पोकळ नळीसारखी वागवली. 1969 चा शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर त्यातून आला, आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम. त्याच्या दर्शनी भागावरचे तिरके पोलाद खरोखर भार घेते. मीसच्या शाळेतून निघालेला हा विचार मीसच्या भिंतीला मागे टाकतो.

नव्याने येणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन: फोटो बाजूला ठेवा आणि तीन कोपऱ्यांचे आडवे छेद शेजारी शेजारी मांडा, 860, 900 आणि सीग्राम. प्रत्येकात खांबाची बाहेरची कड आणि काचेची रेषा यांतले अंतर मोजा. मग कोपऱ्यात शेवटचा मुलियन आणि कोपरा यांच्यामध्ये काय उरते ते बघा. तिथे तिन्ही वेळा वेगळे उत्तर आहे. त्याच्या ऑफिसची ड्रॉइंगे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत, 1968 पासून तिथे मीसचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यांतली हजारो छापूनही आली आहेत. पूर्ण झालेल्या इमारतींच्या अंतिम नकाशांपेक्षा एकाच कोपऱ्याचे मागे पडलेले पर्याय बघण्यात जास्त वेळ घाला.